आमच्या घरातला ‘रँडचा चाकू’ आणि पात्यावरची दोन अक्षरं

या भागाचं हे लेखी रूप. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला मी चाकू उघडून बंद केल्याचा ‘खट्’ असा आवाज ऐकवला होता, तो इथे तुम्ही मनातल्या मनात ऐका.

आजचा विषय आहे जुने खिशातले चाकू, म्हणजे मुठीत घडी होऊन बसणारे, आणि त्यांच्या पात्यावरचे बनवणाऱ्यांचे ठसे. ‘हा काय विषय झाला?’ असं वाटत असेल तर बरोबरच आहे. मलाही दोन वर्षांपूर्वी असंच वाटलं असतं. मी दिवसभर हिंजवडीत कोड लिहितो. चाकूशी माझा संबंध कांदा कापण्यापुरता. पण आमच्या घरात एका चाकूवरून शंभरेक वर्षं एक कुजबूज चालू होती, आणि ती खरी की खोटी हे त्या चाकूकडूनच काढून घ्यायचं होतं. तिथून हे वेड लागलं.

ट्रंकेत सापडलेली वस्तू

सदाशिव पेठेतला आमचा जुना वाडा बिल्डरकडे गेला आणि आम्ही कोथरूडला आलो. सामान लावताना एक पत्र्याची ट्रंक उघडली. जुन्या पावत्या, मोडी कागदांची एक थप्पी, आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेला एक छोटा चाकू. काळ्या शिंगाची मूठ, दोन पाती, एक मोठं, एक लहान. मी हौसेने उघडायला गेलो तर मोठी आत्या म्हणाली, “ठेव तो परत. तो रँडचा चाकू आहे.”

रँड हे नाव पुण्यात कुणाला सांगायला नको, तरी थोडक्यात उजळणी करू. १८९६ मध्ये मुंबईत आलेला प्लेग काही महिन्यांत पुण्यात पोचला. १८९७ च्या सुरुवातीला प्लेग आटोक्यात आणायचं काम वॉल्टर चार्ल्स रँड या आयसीएस अधिकाऱ्याकडे दिलं गेलं. मार्चपासून गोरे सोल्जर घरोघरी शिरायला लागले. बूट घालून माजघरात, देवघरात. आजारी माणसाला इस्पितळात, घरच्यांना छावणीत, आणि सामानाची होळी. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाल्याचा समारंभ आटोपून परतताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या. पुढे दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव या तिन्ही भावांना फाशी झाली. आणि चापेकरांची खबर देणाऱ्या द्रविड बंधूंनाही १८९९ मध्ये पुण्यात गोळ्या घातल्या गेल्या.

म्हणजे त्या काळात ‘हा साहेबाला सामील होता’ हा शिक्का किती भारी पडत असेल, बघा. आमचे खापरपणजोबा, त्यांना घरात सगळे तात्या म्हणत, कचेरीत कारकून होते. घरातली कुजबूज अशी की प्लेगच्या तपासणीत तात्या सोल्जरांबरोबर फिरले, घरं दाखवली, आणि त्याची बक्षिसी म्हणून साहेबाने हा विलायती चाकू दिला. बाबांना हे त्यांच्या आजोबांनी सांगितलं नव्हतं. बाहेरच्या एका नातेवाइकाने लग्नात टोमणा मारला होता. तेव्हापासून चाकू ट्रंकेत. टाकवतही नाही, वापरवतही नाही.

मी इंजिनिअर माणूस. माझं म्हणणं, वस्तू हातात आहे ना, मग तिलाच विचारू.

जुना बाजार आणि आठशे रुपयांची फी

विचारायचं तर आधी तिची भाषा यायला हवी. म्हणून मी बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात फिरायला लागलो. घड्याळांचे सांगाडे, पितळी नळ, जुने कॅमेरे आणि मधूनच कुणाच्या तरी गोणपाटावर चार-पाच गंजलेले चाकू. पहिल्याच महिन्यात एकाने मला ‘ओरिजिनल शेफील्ड, ब्रिटिश जमान्यातला’ म्हणून आठशे रुपयांना एक चाकू दिला. पात्यावर ‘रॉजर्स’ असं इंग्रजीत. मी खूश.

घरी येऊन मोबाइलच्या मॅक्रो कॅमेऱ्याने फोटो काढला तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. एक, नावाच्या स्पेलिंगमध्ये ‘डी’ हे अक्षर नव्हतं. खऱ्या कंपनीच्या नावात ते असतंच. दोन, पातं सगळं गंजलेलं, पण अक्षरांच्या खाचा आतून चकचकीत. शंभर वर्षांचा गंज अक्षरं सोडून बाकीच्या पात्यावर चढेल का? म्हणजे जुन्या पात्यावर कुणीतरी अलीकडे नाव कोरलं होतं. आठशे रुपये ही माझी शिकवणीची फी समजलो.

त्यातून पहिला धडा मिळाला. खरा ठसा लोखंडी छापाने पात्याच्या मुळाशी ठोकलेला असतो, पातं कडक करण्याच्या आधी. त्यामुळे अक्षरांच्या कडा किंचित दबलेल्या, गोलसर वाटतात आणि गंज, काळेपणा आतपर्यंत सारखा असतो.

एक चांदणी, एक क्रूस

आता हे शेफील्ड काय प्रकरण आहे ते बघू. उत्तर इंग्लंडमधलं हे गाव. डोंगरातून येणाऱ्या ओढ्यांवर पाणचक्क्या, त्यांवर फिरणारे धारेचे दगड. १६२४ मध्ये इंग्लंडच्या संसदेने कायदा करून तिथल्या चाकू-कात्री बनवणाऱ्यांची एक संस्था स्थापन केली, ‘कंपनी ऑफ कटलर्स इन हॅलमशायर’. प्रत्येक कारागिराने आपलं चिन्ह तिथे नोंदवायचं आणि ते दुसऱ्या कुणी वापरायचं नाही. बहुतेक गिऱ्हाइकांना वाचता येत नव्हतं, म्हणून नावापेक्षा चित्र महत्त्वाचं.

यातली आपल्या कामाची कंपनी म्हणजे जोसेफ रॉजर्स अँड सन्स. तिचं चिन्ह एक चांदणी आणि शेजारी माल्टीज क्रूस. ते तिला १७६४ मध्ये मिळालं. १८२२ मध्ये चौथ्या जॉर्जने तिला राजघराण्याचे चाकूवाले नेमलं. तेव्हापासून पात्यावर मुकुट आणि त्याच्या दोन बाजूंना राजाची अक्षरं यायला लागली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच सगळं अडलंय. दुसरी मोठी कंपनी जॉर्ज वॉस्टनहोमची. तिचा ठसा ‘आय’, मग चांदणी, मग ‘एक्स-एल’. भरभर वाचलं की इंग्रजीत ‘मी सगळ्यांत सरस’ असं ऐकू येतं. दोनशे वर्षांपूर्वीची टॅगलाइनच की!

नाव मोठं झालं की नक्कल आलीच. १८४० च्या दशकात रॉजर्स कंपनीने नोविल नावाच्या चाकूवाल्यांवर आपला ठसा मारल्याबद्दल खटला भरला. ‘रॉजर्स विरुद्ध नोविल’ हा खटला ट्रेडमार्क कायद्याच्या इतिहासात आजही सांगितला जातो. मग जर्मनीतल्या सोलिंगेनचा माल आला. तिथेही स्वतःच्या जुन्या खुणा होत्या. हेंकेल्सचं जुळ्या माणसांचं चिन्ह १७३१ चं आहे, आजही दुकानात दिसतं. पण काही जण सरळ शेफील्डचं नाव ठोकून माल विकायचे. शेवटी १८८७ मध्ये ब्रिटनने कायदा केला की परदेशी मालावर देशाचं नाव हवं. ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द त्यातून रूढ झाले, आणि सुरुवातीला त्यात ‘हलका माल, सावधान’ असा सूर होता. दोन वर्षांनी, १८८९ मध्ये, हिंदुस्थानातही तसाच कायदा आला. १८९० च्या अमेरिकन जकात कायद्यानेही मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, आणि शेफील्डच्या पात्यांवर ‘इंग्लंड’ हा शब्द ठळकपणे यायला लागला.

आपल्याकडे हा खेळ त्याहून जुना आहे. मराठ्यांची ‘फिरंग’ तलवार आठवा. नावातच सांगितलंय, पातं फिरंग्यांचं, मूठ आपली. किनाऱ्यावरच्या बंदरांतून युरोपची पाती यायची. काहींवर पळत्या लांडग्याची खूण असायची, ती आधी पासाऊ आणि मग सोलिंगेनच्या कारागिरांची. जिनोआच्या पात्यांवर विळ्यासारख्या दोन कमानी असत. त्या खुणेला इतकी किंमत आली की हिंदुस्थानातले लोहारही तशाच कमानी आपल्या पात्यांवर ठोकायला लागले. म्हणजे माझा आठशे रुपयांचा चाकू एका जुन्या परंपरेतलाच म्हणायचा.

ठसा काय सांगत नाही

इथे मी थोडा थांबतो, कारण हे शोधताना एक गोष्ट मला खटकत राहिली.

पात्यावर रॉजर्स लिहिलंय, पण रॉजर्सने ते स्वतः बनवलं का? शेफील्डमध्ये एक चाकू अनेक हातांतून जायचा. एक जण पातं घडवणार, दुसरा दगडावर धार लावणार, तिसरा मूठ बसवणार. यातले कितीतरी जण छोटे कारागीर होते. भाड्याने चक्की घ्यायची, मोठ्या कंपनीचं काम करून द्यायचं, आणि वर ठसा कंपनीचा. धार लावणाऱ्यांच्या छातीत दगडाची आणि पोलादाची धूळ जाऊन बसायची. कोरड्या दगडावर काम करणारे चाळिशीच्या आत खोकून खोकून मरायचे. डॉक्टरांनी त्याला ‘धारवाल्यांचा दमा’ असंच नाव ठेवलं होतं.

आणि मूठ? शेफील्डला हस्तिदंत, म्हशीची शिंगं, सांबरशिंगं बाहेरून जायची. सांबरशिंगं तर मुख्यतः आपल्या जंगलांतून. आपल्या इथलं शिंग बोटीने जाणार, मूठ होऊन परत मुंबई बंदरात उतरणार, आणि आपण म्हणणार, ‘वा, विलायती!’

मला हे पटकन समजलं, कारण मी तेच करतो. मी लिहिलेलं ॲप ज्या नावाने तुमच्या मोबाइलवर येतं, त्यात माझं नाव कुठेच नसतं. ठसा सांगतो की माल कुणाच्या नावावर विकला आणि बिघडला तर कुणाला धरायचं. हात कुणाचे होते ते त्यात येत नाही. शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा संग्रह बघायला गेलो होतो. एकाहून एक घडणीचे, पण मला तरी एकावरही कारागिराचं नाव दिसलं नाही. तिथे उलटं आहे. हात दिसतात, नाव नाही.

तात्यांच्या चाकूची उलटतपासणी

आता मूळ मुद्दा. एका रविवारी बाबा, मोठी आत्या आणि मी जेवणाच्या टेबलावर चाकू घेऊन बसलो. मऊ टूथब्रशने पात्याचं मूळ साफ केलं. बोटभर टाल्कम पावडर खाचांत चोळून वरची पुसून टाकली, म्हणजे अक्षरं पांढरी उठून दिसतात. मग मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरला.

हळूहळू दिसायला लागलं. चांदणी. क्रूस. ‘जोसेफ रॉजर्स अँड सन्स’, ‘डी’ सकट. मधे मुकुट. मुकुटाच्या डावीकडे ‘जी’, उजवीकडे ‘आर’. खाली ‘कटलर्स टू हिज मॅजेस्टी’. दुसऱ्या पात्यावर ‘शेफील्ड, इंग्लंड’.

मी दोनदा वाचलं. मग आत्याला विचारलं, “आत्या, प्लेगच्या साली गादीवर कोण होतं?”

“व्हिक्टोरिया राणी. तिच्याच समारंभाच्या रात्री तर रँडला मारलं.”

बरोबर. व्हिक्टोरिया १८३७ ते १९०१. तिच्या काळातल्या रॉजर्सच्या चाकूवर ‘व्ही’ आणि ‘आर’ असतं, आणि ‘हर मॅजेस्टी’ असतं, कारण गादीवर बाई होती. १९०१ ते १९१० सातवा एडवर्ड, तेव्हा ‘ई’ आणि ‘आर’. ‘जी’ म्हणजे जॉर्ज. पाचवा जॉर्ज गादीवर आला १९१० मध्ये. म्हणजे हा चाकू बनला तेव्हा रँडला मरून किमान तेरा वर्षं झाली होती.

बाबा लगेच म्हणाले, “पण चौथा जॉर्ज? त्याचंही ‘जी’च की.” (बाबा बँकेत ऑडिटला होते, सहजासहजी पास करत नाहीत.) शंका योग्य होती. चौथा जॉर्ज १८३० मध्ये वारला. पण पात्यावर ‘इंग्लंड’ लिहिलंय, आणि ती पद्धत पडली १८९० नंतर. दोन्ही खुणा एकत्र ठेवल्या की चौथा जॉर्ज बाद होतो.

“आणि नकली असेल तर? तूच आठशे रुपये घालवून आलास ना?”

याचा मी खूप विचार केला होता. समजा हा नकली आहे. तरी नक्कल करणाऱ्याने ‘जी’ आणि ‘आर’ ठोकलंय. विसाव्या शतकातल्या राजाची अक्षरं १८९७ मध्ये कोण कशाला ठोकेल? खरा असो वा नकली, हा चाकू १९१० च्या आधीचा असू शकत नाही. रँडच्या हातून तो तात्यांना मिळणं अशक्य.

टेबलावर कुणीच काही बोललं नाही. मग आत्या म्हणाली, “म्हणजे उगाचच लपवला आपण.”

इथे मला ब्रेक लावावा लागला

बाबा एकदम मोकळे झाले. “बघ, मी म्हणत होतो! तात्या तसे नव्हतेच!” आणि ग्रुपवर मेसेज टाकायला त्यांनी फोन उचलला.

मला खरं तर त्यांचा आनंद मोडायचा नव्हता. पण म्हटलं, “बाबा, चाकूने एवढं म्हटलेलं नाही.” चाकू सांगतो की चाकू १८९७ चा नाही. तात्या १८९७ मध्ये काय करत होते, ते तो सांगत नाही. तपासणीच्या तुकड्यांबरोबर स्थानिक माणसं असायची. कारकून माणसाला वरून हुकूम आला तर तो नाही म्हणू शकत होता का? आणि बरोबर गेलेला प्रत्येक जण फितूरच होता का? कदाचित ‘देवघरात शिरू नका’ म्हणून सोल्जरांना विनवणारा कुणी त्यातच असेल. आरोपाचा एकमेव पुरावा म्हणून हा चाकू दाखवला जात होता. तो पुरावा पडला. निर्दोष सुटका आणि पुराव्याअभावी सुटका यात फरक आहे, हे ऑडिटवाल्या माणसाला समजावून सांगावं लागलं नाही.

बाबांनी फोन खाली ठेवला. मग त्यांनी मेसेज लिहिला तो असा : “चाकू १९१० नंतरचा आहे. प्लेगशी त्याचा संबंध नाही.” एवढंच. मला त्या मेसेजचा फार अभिमान वाटतो.

नंतर ट्रंकेतल्या कागदांत तात्यांच्या पेन्शनचा कागद सापडला, १९२३ चा. चाकू निवृत्तीला मिळाला असेल, नाहीतर कॅम्पातल्या एखाद्या दुकानातून त्यांनी स्वतःच घेतला असेल. पण एक खूण अशी आहे की ती शेफील्डला ठोकलेली नाही. चाकूचं मोठं पातं जवळजवळ नव्यासारखं आहे. लहान पातं मात्र धार लावून लावून निम्मं झिजलंय. त्या थप्पीतले मोडी कागद तात्यांच्या हातचे आहेत, बोरूने लिहिलेले. बोरूचं टोक सारखं बोथट होतं, ते तासून तिरकं कापावं लागतं. त्यासाठीच्या चाकूला फारसीत ‘कलमतराश’ म्हणत, आणि इंग्रजीतलं ‘पेननाइफ’ हे नाव पिसाच्या लेखण्या तासण्यावरूनच आलं. तात्यांनी काय केलं नाही हे मी सिद्ध करू शकत नाही. काय केलं ते त्या लहान पात्यावर दिसतं. माणूस रोज बसून लिहीत होता.

तुमच्या घरात असा चाकू असेल तर

काही कामाच्या गोष्टी. गंज काढायला लिंबू, व्हिनेगर, तारेचा ब्रश किंवा सँडपेपर वापरू नका. गंजाबरोबर ठसाही जातो, आणि ठसा गेला की चाकू मुका झाला. मशीन ऑइलचा एक थेंब आणि सुती फडकं पुरे. ठसा वाचताना चार प्रश्न विचारा : चित्र कोणतं, स्पेलिंग नेमकं काय, कुणाच्या मुकुटाची अक्षरं आहेत, देशाचं नाव आहे का. शेवटच्या दोनांवरून काळ ठरतो.

मूठ हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची वाटली तर विकत घेऊ नका आणि विकूही नका. वन्यजीव कायद्याने त्या व्यापाराला बंदी आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू कायद्याने पुरावस्तू ठरू शकते, त्यामुळे परदेशातल्या मित्राला कुरिअर करण्याचा विचार सोडा. आणि चाकू खिशात घालून फिरू नका. पुण्यात पोलिसांचे जमावबंदीचे आदेश अधूनमधून निघतात, त्यात असली हत्यारं बाळगायला मनाई असते. ‘मी संग्राहक आहे’ हे चौकीत समजावणं अवघड जाईल.

सगळ्यांत महत्त्वाचं, वस्तूबरोबर जी गोष्ट सांगितली जाते ती आधी लिहून ठेवा, कुणी सांगितली त्याच्या नावासकट. मग वस्तू वाचा. दोघींचं जुळलं नाही तर लगेच एकीला खोटं ठरवू नका, कुठे जुळत नाही ते बघा.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. म्हणजे आता स्क्रूड्रायव्हर, आईची कात्री आणि माझा लॅपटॉप. यंदा आत्याने कुणालाही न विचारता त्या ओळीत तात्यांचा चाकू ठेवला, लहान पातं उघडं करून, आणि त्यावर झेंडूचं फूल वाहिलं.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्याही घरात एखादी फडक्यात गुंडाळलेली वस्तू असेल, तर या रविवारी काढा बाहेर. भेटू पुढच्या भागात!